नाचणारे आणि बघणारे

(१९९४ सालच्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला ‘तंत्रज्ञान आणि बदलत्या पिढ्या’ असा विषय दिला होता. मी गेली चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असणार. पण त्या विषयावर तुम्हाला रोज व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर ज्ञान मिळतं. म्हणून मी विषय थोडा बदलून घेतला आहे. पिढ्या त्याच ठेवल्या आहेत, तंत्रज्ञानही अधूनमधून येईल, पण बोलणार आहे नाचाबद्दल.

माझी मुलगी एकवीस वर्षांची आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ती मित्रमैत्रिणींबरोबर लोअर परळच्या एका क्लबमध्ये नाचायला जाते. हे वाक्य ऐकून समोरच्या दोन-चार भुवया वर गेलेल्या मला इथून दिसल्या. माझ्या आईच्याही गेल्या होत्या. आईला मी विचारलं, ‘तुला नेमकं काय खटकतं? रात्रीचं जाणं, पिणं, की नाचणं?’ ती म्हणाली, ‘लोकांसमोर नाचणं.’ मुलीला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, ‘आजीला सांग, तिथे समोर कोणी नसतंच. सगळेच नाचत असतात.’

मला वाटतं, आपल्या शहरातल्या शंभर वर्षांच्या नाचाची गोष्ट ह्या दोन वाक्यांत आहे. नाच दोन तऱ्हांचा असतो. एक, जिथे काही जण नाचतात आणि बाकीचे बघतात. दुसरा, जिथे सगळेच नाचतात. आपल्या मराठी मध्यमवर्गाला पहिला चांगला माहीत होता. लावणी, तमाशा, नाट्यगृहातलं नृत्य, गॅदरिंगमधला नाच. त्यात नाचणारी बहुतेक वेळा बाई आणि बघणारे बहुतेक वेळा पुरुष. त्यामुळे ‘नाचणारी’ ह्या शब्दालाच एक वास चिकटला. आईच्या कपाळावरची आठी त्या शब्दाची आहे.

पण दुसरा नाच आपल्याकडे नव्हता असं नाही. वारीत पावली खेळतात, फुगडी घालतात, तिथे वय बघत नाहीत आणि प्रेक्षकही नसतो. आणि मंगळागौर. माझी आजी गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत राहायची. श्रावणातल्या मंगळवारी पुढच्या खोलीतलं सामान गॅलरीत काढायचं, पुरुषांना शेजारच्या बिऱ्हाडात पाठवायचं आणि रात्रभर झिम्मा, फुगडी, पिंगा, सूप नाचवणं. सहावारीतल्या नव्या सुना, नऊवारीतल्या सासवा, परकऱ्या मुली, सगळ्या एकाच खोलीत. आजी सांगायची की खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर माती पडायची आणि ते तक्रार करायला वर यायच्याऐवजी त्यांच्याकडच्या बायकाच वर यायच्या. दार बंद असायचं ते लपवण्यासाठी नव्हे, बघणारे बाहेर ठेवण्यासाठी.

आता त्याच काळात, आपल्या शाळेपासून बसने वीस मिनिटांवर दुसरं काय चाललं होतं बघा. ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडलं. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जॅझ वाद्यवृंद घेऊन तिथे आला. टेडी वेदरफोर्ड नावाचा पियानोवादकही पुढे तिथे वाजवू लागला. बॉलरूममध्ये फॉक्सट्रॉट आणि वॉल्ट्झ चालायचे. इंग्रज अधिकारी, संस्थानिक, श्रीमंत पारशी आणि हिंदू कुटुंबं नाचायला यायची. तिथला नाच जोडीचा. पावलं शिकावी लागायची, नाचायला येण्याची विनंती करावी लागायची, आणि समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक असायची. तिथला पोशाख, दर आणि इंग्रजी असे तीन दरवाजे ओलांडूनच आत जाता येई. आपल्यापैकी कोणाचे आजोबा तिथे नाचले असतील असं मला वाटत नाही.

पण वाजवणाऱ्यांत आपले शेजारी होते. धोबी तलावाला गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ होते, म्हणजे एका गावातून मुंबईत आलेल्या लोकांची एकत्र राहायची जागा. चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन शिकलेले गोव्याचे वादक तिथे राहत आणि संध्याकाळी कोट चढवून हॉटेलांत वाजवायला जात. त्यांच्यातला एक अँतोनियो झेवियर वाझ. ट्रंपेट असा वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. त्याचं वादक म्हणून नाव होतं चिक चॉकलेट.

मग १९४९ साली मुंबईत दारूबंदीचा कायदा आला. हॉटेलांतली संध्याकाळची गर्दी ओसरली आणि वादक मोठ्या संख्येने सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. तिथे त्यांची गाठ चितळकरांशी, म्हणजे सी. रामचंद्रांशी पडली. १९५१ चा ‘अलबेला’ ह्याच मिश्रणातून आला. चिक चॉकलेट आणि त्याचा वाद्यवृंद त्यात पडद्यावरही दिसतो. आणि त्या संगीतावर नाचले भगवानदादा पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतः मजुरी केलेला, अंगाने स्थूल. ते कुठल्याही नृत्यशाळेत शोभले नसते. हात थोडे हलवायचे, पाऊल थोडं पुढे-मागे करायचं, चेहरा खुशीत. त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा गिरणगावातल्या माणसाला वाटलं, हे मलाही येईल. गणपतीच्या मिरवणुकीत आपले काका-मामा जे नाचत, ते बारकाईने आठवून बघा. ते भगवानदादाच आहेत. ताजच्या बॉलरूममधला ठेका धोबी तलावाच्या वादकाच्या हातून, पुणतांब्याच्या संगीतकाराच्या डोक्यातून आणि परळच्या नाचणाऱ्याच्या पायांतून रस्त्यावर आला. ह्या शहराने केलेल्या चांगल्या कामांपैकी हे एक काम आहे असं मी मानते.

एक तांत्रिक गंमत सांगते, नाहीतर समिती म्हणेल विषयच सोडला. वरातीत जो नागीण डान्स होतो, तो १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातल्या धुनेवर. त्यातली पुंगी ही पुंगी नाहीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन ह्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. म्हणजे रुमाल दातात धरून जमिनीवर लोळणारे आपले सगळे मामा इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकवर नाचत होते. नातवंडांनी चिडवलं तर त्यांना हे सांगता येईल.

रस्त्यावर नाच आला, पण पुरुषांपुरता. मिरवणुकीत आपण मुली कुठे असायचो? एक तर गॅलरीत, नाहीतर मागे, आरतीचं ताट घेतलेल्या बायकांच्या घोळक्यात. शाळेत २६ जानेवारीला लेझीम खेळलो, कारण ती कवायत होती. लेझीम घेऊन मैदानात उड्या मारणारी मुलगी संध्याकाळी मिरवणुकीत तशीच उडी मारू शकत नव्हती. पी.टी.च्या सरांनी मात्र मुलींच्या रांगा नेहमी पुढे ठेवल्या, हे आज त्यांच्यासमोर सांगायला हवं.

आणि आमच्या आया? माझ्या आईची मंगळागौर लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात एकदाच झाली. मंगळवारी रजा नव्हती, म्हणून ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी दोन तासांत उरकली. पुढे सकाळचा डबा, नऊची बस, संध्याकाळची भाजी. क्लब म्हणजे तिला सिनेमात दिसलेली जागा. तिथे खलनायक बसलेला असतो आणि कुक्कू किंवा हेलन नाचते. बघणारा पुरुष, नाचणारी बाई, तोच जुना नकाशा. जगात १९६० नंतर ट्विस्ट आला, जोडीदाराचा हात सुटला, पावलं शिकायची गरज संपली, कोणीही एकट्याने नाचू शकेल अशी सोय झाली. पण ती सोय माझ्या आईपर्यंत आली नाही. चाळीतली खोली सुटली होती आणि बॉलरूमचं दार कधी तिच्यासाठी नव्हतंच. आजी नाचली, मी थोडीफार नाचले, मुलगी मनसोक्त नाचते. मधली ही एक पिढी जवळजवळ कुठेच नाचली नाही. आपल्या बाई त्याच पिढीतल्या आहेत.

मी ‘थोडीफार’ म्हणाले ते गरब्यामुळे. आपल्या वेळी सोसायटीच्या आवारात नवरात्र सुरू झालं आणि मुलामुलींनी एकत्र नाचायला घरून पहिली परवानगी मिळाली. कारण मध्ये देवी होती आणि गच्चीतून सगळ्यांच्या आया बघत होत्या. गरब्याच्या वर्तुळाला पुढची बाजू नसते, त्यामुळे कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. आठ वर्षांची मुलगी आणि साठीच्या शेजारच्या काकू एकाच रिंगणात. २०२३ साली युनेस्कोने गरब्याला मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा मला आमच्या आवारातल्या पिवळ्या बल्बच्या माळा आठवल्या.

त्याच सुमारास न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाहून निघालेला डिस्को आपल्याकडे सिनेमातून पोहोचून जुना झाला होता. ‘कुर्बानी’ १९८० चा, ‘डिस्को डान्सर’ १९८२ चा. डिस्कोमागचं तंत्र समजून घेण्यासारखं आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं मावायचं. रात्रभर नाचायचं तर जिवंत वाद्यवृंदच हवा. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डीजेंनी दोन तबकड्या शेजारी फिरवून, एकीचा वेग दुसरीशी जुळवून, गाणं न तुटता पुढे न्यायला सुरुवात केली. मग बारा इंची तबकडीवर लांब गाणी येऊ लागली. वीस वादकांचं काम एक माणूस करू लागला. नाच स्वस्त झाला, आणि वादक बेकार झाले. आज वेग जुळवायचं ते काम सॉफ्टवेअर एका बटणावर करतं. पण चांगला डीजे अजून एक काम स्वतः करतो, ते म्हणजे समोरच्या लोकांकडे बघणं. लोक दमले की उतरवणं, तयार झाले की चढवणं. चिक चॉकलेट तेच करत होता. ते काम माझ्या धंद्याला अजून नीट जमलेलं नाही.

आपल्या मुंबईत डिस्को श्रीमंतांच्या हॉटेलांत राहिला आणि बाकीच्यांच्या वाट्याला आले डान्स बार. पुन्हा बसलेले पुरुष आणि नाचणाऱ्या बाया. २००५ साली सरकारने त्यावर बंदी आणली, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना वगळलं. उच्च न्यायालयाने २००६ साली बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निर्णय कायम ठेवला. नाच साध्या बारमध्ये वाईट आणि तारांकित हॉटेलात चालेल, हा भेद न्यायालयांना पटला नाही. ज्या बायांचा रोजगार त्या आठ वर्षांत गेला, त्यांना त्या निकालाचा किती उपयोग झाला हा वेगळा प्रश्न. मला त्यात दिसतं ते एवढंच, की आपण नाचाबद्दल भांडतो तेव्हा बहुतेक वेळा नाचणाऱ्या बाईवर नियम घालतो. बघणाऱ्यावर क्वचितच.

आता लोअर परळला येऊ, जिथे माझी मुलगी जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. आपल्यापैकी किमान चार जणांच्या घरी त्याची झळ बसली, नावं घेत नाही. त्याच गिरण्यांच्या जागेत आता मॉल, कचेऱ्या, पब आणि क्लब आहेत. ज्या परळच्या माणसाने शहराला नाचायला शिकवलं, त्याचा नातू आज त्या जागेत दारावर सुरक्षारक्षक म्हणून उभा असतो. प्रवेश आणि दोन पेयं ह्यांत त्याची दोन दिवसांची कमाई जाईल. तीन दरवाजे पुन्हा आले आहेत. पोशाख, पैसा आणि भाषा.

आणि अजून एक दरवाजा सगळ्यांनी तपासावा, मुलांना शिकवावा. बाहेर पडायचा. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागली. १४ जण गेले, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. माझ्या मुलीला मी क्लबमध्ये जाताना दोनच गोष्टी सांगते. आत गेल्याबरोबर दुसरा जिना कुठे आहे ते बघ, आणि परत कशी येणार ते आधी ठरव. शेवटची लोकल गेली की पुढची पहाटे चारच्या सुमारास असते, आणि मधल्या वेळात मुलीचं स्वातंत्र्य टॅक्सीच्या भाड्याएवढंच असतं.

मी एकदा तिला विचारलं, ‘लेडीज नाइटला तुम्हाला फुकट प्रवेश असतो, मग मजाच.’ ती म्हणाली, ‘आई, फुकट आपल्यासाठी नसतं. मुली असल्या की मुलगे पैसे भरून येतात. त्या दिवशी मी जात नाही.’ एकविसाव्या वर्षी तिला जे कळलं ते मला चाळिशीत कळलं असतं की नाही, शंका आहे. तिला हवी आहे ती अशी जागा, जिथे बाई नाचते पण कोणासाठी नाचत नाही. शंभर वर्षांपूर्वी माझ्या आजीने दार लावून जे मिळवलं, ते पणतीला दार उघडं ठेवून, पुरुषांच्या सोबतीने हवं आहे. मला ही मागणी रास्त वाटते. माझ्या आईला मी हे असंच समजावून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘मग तिला म्हणावं, दोन जणी बरोबर असू देत.’ परवानगीच झाली ती.

पण नव्या पिढीचं सगळंच बरोबर असंही मी म्हणणार नाही. दोन गोष्टी हरवल्या आहेत.

पहिली, आवाजामुळे बोलणं. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो असं साधारण मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. हिशेब करा, गणिताच्या बाई समोर आहेत. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. क्लबमध्ये आणि मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर १०० ही काही विशेष गोष्ट नाही. कानात तयार होणारी शिट्टी हा उत्साह नव्हे, ती इजा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहाची मर्यादा घातली, तेव्हा गोव्यात पाळोळ्याच्या किनाऱ्यावर लोक कानाला हेडफोन लावून नाचू लागले. बाहेरून बघणाऱ्याला शांत मैदानात पाचशे वेडे दिसतात. हसू येतं, पण हेडफोन काढला की शेजारच्याशी बोलता येतं, हा त्याचा मोठा फायदा.

दुसरी, वय. क्लबमध्ये पंचवीस-तिशीच्या पुढचं कोणी सहसा नसतं. ह्या बाबतीत वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती लग्नांचा मला हेवा वाटतो. वाद्यवृंद सुरू झाला की नव्वदीची आजी, तिचा नातू, पाद्रीसाहेबांच्या शेजारी बसलेले काका, सगळे मैदानात. मुलं तिथे नाच शिकतात ते आजीचा हात धरून. आपल्या लग्नांत ‘संगीत’ आलं खरं, पण त्याच्यासोबत नृत्यदिग्दर्शक आला, महिनाभर तालीम आली, व्यासपीठ आलं. आपण पुन्हा बघण्याचा नाच केला. मंगळागौरसुद्धा आता स्पर्धेसाठी एकाच रंगाच्या नऊवारीतले गट व्यासपीठावर करतात. छान करतात, बायका घराबाहेर पडतात, ह्यात वाद नाही. पण समोर खुर्च्या मांडलेल्या असतात. आणि जिथे खुर्च्या नाहीत तिथे मोबाइल आहेत. बर्लिनमधल्या काही क्लबांत दारातच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. आजीच्या खोलीचं दार ते हेच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पुढच्या पिढीने नाचावं का, हा प्रश्न आता संपला. ती नाचतेच आहे, आणि आपल्यापेक्षा अधिक मोकळेपणाने. आपण विचारायचं ते हे, की तिथे बघणारे किती आहेत, बाहेर पडायचा जिना कुठे आहे, आणि साठीच्या माणसाला तिथे जागा आहे का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आज आपल्या हातात आहे. जेवणानंतर एक तास गाणी आहेत. मी समितीच्या परवानगीने तीन गोष्टी ठरवून टाकल्या आहेत. आवाज बोलता येईल इतकाच राहील. पहिला अर्धा तास मोबाइल दारापाशी ठेवलेल्या टोपलीत जातील. आणि ह्या खुर्च्या आपण सगळ्यांनी मिळून भिंतीला लावायच्या आहेत, दोन रांगा सोडून, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना टेकायला. पण त्यांचीही तोंडं आतल्या बाजूला ठेवायची, म्हणजे टाळ्या वाजवणाऱ्यांचाही नाचात हिशेब होईल.

आपली तीस वर्षांनी भेट झाली आहे. बाई, तुमच्यासाठी पहिली फुगडी राखून ठेवली आहे. जोडीला मी आहे. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, पण म्हणू नका.